लख्खमावशींचं बेसिन

लख्खमावशींना मी ओळखत होतो, असं म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. एकाच इस्पितळात आम्ही निम्मं आयुष्य काढलं, त्या वॉर्डात आणि मी नळांखाली. पण त्यांचं माहेर कुठलं, घरी गेल्यावर त्या काय करायच्या, कुणाशी मनातलं बोलायच्या, यातलं मला काही ठाऊक नाही. लिहिण्याची सवयही मला नाही. थोडं मी पाहिलं, थोडं त्यांनी नंतर कधीमधी हात पुसता पुसता सांगितलं, ते जोडून लिहितो आहे. मधल्या जागा मी माझ्या समजुतीनं भरल्या आहेत. त्या चुकल्या असतील तर दोष माझा, मावशींचा नाही.

मावशी हाडांच्या वॉर्डात सफाईचं काम बघायच्या. फरशी पुसून झाली की कमरेवर हात ठेवून मागे सरकायच्या, डोकं जरा तिरकं करायच्या आणि म्हणायच्या, "लख्ख." त्यावरून त्यांना ते नाव पडलं. वयानं मी मोठा असूनही त्यांना मावशीच म्हणायचो. सगळा वॉर्डच म्हणायचा. नव्या परिचारिका सिस्टरांना घाबरत नसत तितक्या मावशींना घाबरत. टेबलावर कपाचा ओला गोल दिसला की मावशी काही बोलायच्या नाहीत, फक्त फडकं आणून त्या मुलीच्या हातात द्यायच्या.

वॉर्डाच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, हात धुवायचं एक पांढरं बेसिन होतं. कडेला टवका उडालेला, पण आत बघावं तर बशीसारखं. शेजारी मलमपट्टीची स्टीलची ट्रॉली उभी असायची. वापरलेली भांडी, उरलेली द्रावणं वगैरे टाकायची खोली होती, पण ती पार लांब, व्हरांड्याच्या टोकाला, आणि तिचं दार फुगून अडकायचं. म्हणून सगळे जण जे उरलं ते याच बेसिनमध्ये ओतायचे: चहाचा तळ, सलाइनचं शेवटचं पाणी, सगळं.

मावशींनी त्यात स्वतःची एक पद्धत घातली होती. जंतू मारायच्या इंजेक्शनांच्या बाटल्यांत तळाशी थोडं औषध राहतं. ते बाटलीसकट टाकून द्यायला मावशींचा जीव होत नसे. त्यांचा हिशेब सरळ होता. हे औषध माणसाच्या अंगातले जंतू मारतं, तर मोरीतले मारणार नाही काय? मग त्या एकेक बाटली उपडी करून जाळीवर नीट, धार धरून ओतायच्या आणि वरून थोडंसंच पाणी सोडायच्या, औषध लगेच वाहून जाऊ नये म्हणून. प्रत्येक नव्या मुलीला त्या हे शिकवायच्या. फिनाईलनं वरचा वास जातो, म्हणायच्या, यानं आतलं मुळापासून जातं. ऐकणाऱ्याला पटायचंच. मला पटलं होतं. येता-जाता डॉक्टरांनीही पाहिलं असेल. कुणी हटकलं नाही.

मावशींचे यजमान गादीवाले. जुन्या खुर्च्यांना, सोफ्यांना नवं कापड चढवायचं काम. बोलायला मिश्कील माणूस. एका दुकानात पडदे उतरवताना स्टुलावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना आमच्याच इस्पितळात आणलं, ऑपरेशन झालं, आत पट्टी-स्क्रू बसले. मावशींनी आयुष्यात कधी कुणाची मर्जी मागितली नव्हती; या वेळी सिस्टरांकडे मागितली. कोपऱ्यातली, बेसिनच्या लगतची खाट. माझ्या डोळ्यांसमोर राहतील, म्हणाल्या, आणि यांना हात लावणाऱ्याला हात धुवायला पाऊलही टाकावं लागणार नाही. सिस्टरांनी आनंदानं दिली. सगळ्या वॉर्डात तीच जागा सगळ्यांत स्वच्छ, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

पहिले काही दिवस गादीवाल्यांनी वॉर्ड हसवत ठेवला. डॉक्टरांनी जखम छान शिवली आहे असं सांगितलं, तर म्हणाले, टाके लांब आहेत, माझ्या हाताखालच्या माणसानं असे घातले असते तर उसवायला लावले असते.

मग एका सकाळी मावशी पाणी द्यायला गेल्या, तर त्यांचे दात वाजत होते. अंगावर दोन पांघरुणं, वर मावशींची शाल, तरी खाट हलत होती. पट्टी उघडली तेव्हा टाक्यांच्या कडा लाल, चकचकीत झाल्या होत्या आणि एका टोकाला पिवळट ओल होती. औषध सुरू झालं. ताप उतरला नाही. औषध बदललं. ताप जरा उतरल्यासारखा झाला आणि दुपारी पुन्हा चढला. मोठे डॉक्टर आले, जखमेकडे बघत राहिले आणि मावशींकडे न बघता म्हणाले, "लागू पडत नाहीये."

त्या दिवसापासून मावशींचं एकच चाललं होतं. कपाळाला हाताची मागची बाजू लावायची, बाजूला व्हायचं, चार पावलं जायचं आणि पुन्हा येऊन लावायची. फरशी पुसताना कान खाटेकडे. श्वास जरा लांबला तरी काठी हातातून सुटायची. घरी जायच्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. घरी नुसतं घड्याळ वाजतं, म्हणायच्या.

प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, हळू बोलणाऱ्या. मावशी पूर्वी प्रयोगशाळेची सफाई करत, त्यामुळे तिथल्या चपट्या काचेच्या बशा त्यांना पाहून माहीत होत्या. बशीत जखमेतले जंतू वाढवतात आणि वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या ठेवतात. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडतो. बाईंनी यजमानांची बशी उजेडात धरली. प्रत्येक टिकलीच्या अगदी कडेपर्यंत दुधावरच्या सायीसारखा थर आला होता. फक्त एकीभोवती कडं होतं, तेही बारीक. मावशींना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांना दिसत होतं.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त टपालवाले होते, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आलेले. त्यांनाही तसाच ताप आला. बशीही तशीच निघाली, हुबेहूब. मग समोरच्या खाटेवरची एक बाई. तिघांनाही त्याच कोपऱ्यात एका रांगेत ठेवून भोवती पडदे लावले, कारण वेगळ्या खोल्या भरलेल्या होत्या. डॉक्टरबाई कापसाच्या काड्या घेऊन वॉर्डात फिरू लागल्या. खाटांचे दांडे, ट्रॉली, दाराच्या मुठी, सगळ्यांचे हात, बेसिनची कड, नळाची चावी. सगळीकडे काडी फिरवली आणि नेऊन तपासली. काही सापडलं नाही. बाई म्हणाल्या, इतका स्वच्छ वॉर्ड मी पाहिला नाही. मावशींना क्षणभर बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं: सगळं स्वच्छ आहे, तर येतंय कुठून?

त्याच सुमारास एका दुपारी मावशी जेवणाच्या ताटल्या गोळा करून परतल्या, तर टपालवाल्यांच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. चादर नव्हती, चष्मा नव्हता, खालच्या चपला नव्हत्या. कुणीतरी मावशींना सांगितलं, खाट पुसून घ्या. त्यांनी पुसली. यजमान पडद्याच्या फटीतून बघत होते. एरवी प्रत्येक गोष्टीवर शेरा मारणारा माणूस, त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडला.

संध्याकाळी ताप जरा उतरला, तेव्हा त्यांनी मावशींना जवळ बसवलं आणि विचारलं, "डॉक्टरीणबाई म्हणते तरी काय? खरं सांग."

"औषधाला जंतू दाद देत नाहीत म्हणते."

"अगं, मग ढेकणांसारखंच झालं की."

मावशी म्हणाल्या, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत गादीच दिसते.

"दिसणारच. ऐक तर. त्या थिएटरातल्या खुर्च्या आठवतात? मालक चिक्कू, फवारा मारायचा तोही पातळ करून, थोडा थोडा. नाजूक ढेकूण मेले. जे त्यातून तगले ते चिवट. मग पिल्लावळ कुणाची होणार? चिवटांचीच. पुढच्या वर्षी तोच फवारा अंघोळीसारखा अंगावर घेत होते. मारायचं तर एकदम मारावं, नाहीतर मारूच नये. थोडं थोडं मारणं म्हणजे त्यांना तालीम देणं."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी म्हटलं, पण ढेकूण दिसतात तरी. इथे डॉक्टरबाईंनी सगळीकडे शोधलं, कुठे काही नाही.

"वरून बघून काय दिसणार? ढेकूण कापडावर कुठे बसतो? शिवणीत बसतो. कापड लख्ख असतं." हे म्हणून ते दमले आणि डोळे मिटून घेतले.

मावशी उठल्या आणि सवयीनं हात धुवायला बेसिनपाशी गेल्या. नळ सोडला. पाण्याची धार सरळ जाळीवर पडली, जशी रोज पडायची. पण त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा बघितलं की जाळीवर आपटून पाण्याचे बारीक थेंब वर उडतात. त्यांच्या मनगटावर. बेसिनच्या कडेवर. शेजारच्या ट्रॉलीच्या स्टीलवर, जिथे पट्ट्यांचं सामान मांडलेलं होतं. आणि खाटेच्या उशाशी. त्यांनी नळ बंद केला. जाळीच्या भोकांतून खाली काळोख दिसत होता. त्या काळोखात किती वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं औषध ओतलं होतं, थोडं थोडं.

त्या दिवशी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. हे त्यांनी मला अगदी सपाट आवाजात सांगितलं होतं. नोकरी जाईल, ही भीती होतीच, पण ती लहान होती. मोठी भीती दुसरी होती. यजमान गेले तर ते कुणाच्या हातून गेले, आणि राहिले तर या हातांकडे ते कसे बघतील. त्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. हात मांडीवर उताणे ठेवले होते, तळवे स्वतःला लागू नयेत तसे.

सकाळी एक नवी परिचारिका औषधाची तळ उरलेली बाटली घेऊन बेसिनकडे निघाली. हुशार मुलगी होती, शिकवलेलं विसरायची नाही. मावशींना बघून कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली, "मावशी, धार धरून ओतू ना? पाणी थोडंच सोडते."

मावशींनी तिच्या हातातून बाटली काढून घेतली. इतक्या घाईनं की मुलगी दचकली. ती बाटली तशीच मुठीत धरून मावशी जिना उतरून प्रयोगशाळेत गेल्या.

डॉक्टरबाई खुर्चीवरून उठल्या, त्यांना बसायला सांगितलं. मावशी बसल्या नाहीत. "बाई, तुम्ही बेसिन वरून बघितलं. वरून मी घासते. त्याच्या खाली बघा." आणि मग सगळं सांगून टाकलं: औषधं, चहा, धार, थोडंच पाणी, किती जणींना शिकवलं.

बाईंनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. मग त्या म्हणाल्या की मोऱ्या उघडायचं त्यांच्याही मनात होतं, पण इतकं कारण हाती नव्हतं. मावशींनी विचारलं, "औषधानं ते मरत का नाहीत?" बाईंनी सांगितलं ते मावशींना शब्दन्‌शब्द लक्षात राहिलं होतं. पाइपात कायम ओल असते, चहा-साखरेचं खाणं असतं आणि जंतूंचा चिकट थर असतो. वरून येणारं औषध त्या थराच्या आत पातळ होऊन पोचतं. कच्चे मरतात. ज्यांच्या अंगात योगायोगानं ते औषध पचवायची युक्ती आलेली असते ते उरतात आणि जागा मोकळी झाली म्हणून भराभर वाढतात. उद्या दुसरं औषध येतं. त्यातून उरणारे आणखी चिवट. शिवाय ती युक्ती ते फक्त पिलांना देत नाहीत. त्या गाळात शेजारी राहणाऱ्या दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊन टाकतात.

"म्हणजे ढेकणांपेक्षा वाईट," मावशी म्हणाल्या. बाईंना ते कळलं नाही.

त्यानंतर मला बोलावणं आलं. पडदे ओढले होते, खाटा दुसरीकडे हलवल्या होत्या, आणि मला अंगभर झगा, हातमोजे, तोंडाला पट्टी आणि वर चष्मा चढवायला लावला. एवढ्या वर्षांत नळाच्या कामाला मला कुणी असं सजवलं नव्हतं. बेसिनखाली पाइपाला जो बाक असतो, ज्यात पाणी साचून राहतं, तो मी सोडवला. मावशी दाराशी उभ्या होत्या. बाईंनी त्यांना लांब राहायला सांगितलं होतं.

"मिस्त्री, काही आहे का?" त्यांनी विचारलं.

मी आत बघितलं. पाइपाच्या आतल्या अंगाला करडा, गुलाबीसर, बुळबुळीत थर होता, जाड, जिभेसारखा. गोडसर वास येत होता. मी आयुष्यभर असा गाळ काढला आणि हात झटकून जेवायला बसलो. त्या दिवशी मी पाना फरशीवर ठेवायलाही धजलो नाही. "गाळ आहे, मावशी," मी म्हणालो. 

तपासात तेच निघालं. जखमेतला जंतू आणि गाळातला जंतू, बशा शेजारी ठेवल्या तर वेगळ्या ओळखू येऊ नयेत. बेसिन काढलं, पाइपाचं तोंड बुजवलं. ट्रॉलीवरचं सगळं सामान टाकून दिलं, ट्रॉली हलवली. उरलेली औषधं टाकायला झाकणाचे डबे आले. त्या कोपऱ्यात नवा ताप कुणाला आला नाही. समोरची बाई वाचली.

यजमानांचं मात्र तसंच होतं. जखम पुन्हा उघडून धुतली आणि मग बारीक कडं पडलेलं ते एकच औषध उरलं. जुनं, कडक. डॉक्टरांनी साफ सांगितलं की ते मूत्रपिंडांना मारू शकतं आणि चालेलच याची खात्री नाही. नळीतून ते थेंबथेंब आत जायला लागलं तेव्हा मावशी खाटेशी उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आता नाही सांगितलं तर कदाचित कधीच सांगता येणार नाही. त्यांनी सांगितलं. खाली बघत, चादरीची सुरकुती सरळ करत.

यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्यासाठी चांगली खाट मागितलीस आणि ही निघाली होय."

मावशींना रडू फुटलं. ते म्हणाले, "अगं, रडू नको, थेंब उडतात." आणि त्यांनी मावशींचा हात धरला, तोच औषध ओतणारा हात, आणि सोडला नाही. मावशी म्हणायच्या, त्यांनी माफ केलं की नाही ते मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. हात धरला, एवढं खरं.

औषध चाललं. एकदम नाही, ताप रोज थोडा खाली यायचा आणि मावशींना त्या थोड्याचीही भीती वाटायची, की हाही थोडं थोडं करून फसवणार. पुढे ते काठी घेऊन चालायला लागले. मूत्रपिंडं अधू झाली ती झालीच. पाणी मोजून प्यायचे आणि त्यावरही विनोद करायचे.

मावशींची नोकरी गेली नाही. सगळा वॉर्डच तसं करत होता, एकट्या बाईवर कसं ढकलणार, असं मोठे डॉक्टर म्हणाले. मावशींना ते पटलं असं मला वाटत नाही. त्या नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सगळी हकीकत सांगायच्या, टपालवाल्यांसकट. काही मुली मागे हसायच्या. लख्ख हा शब्द मात्र पुन्हा त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. फरशी पुसून झाली की त्या मागे सरकायच्या, डोकं तिरकं करायच्या आणि बघत राहायच्या, जणू ती फरशी काहीतरी लपवते आहे. वाहत्या पाण्याच्या आवाजानं त्या दचकायच्या. हे मी स्वतः पाहिलं आहे.

यजमान गेल्यावर काही काळानं त्याही गेल्या. मला ते लिफ्टवाल्यानं सांगितलं, जाता जाता. शेवटचं भेटणं त्याआधीचं. त्या निवृत्त झाल्या होत्या, यजमानांना तपासायला घेऊन आल्या होत्या, आणि मी बाहेरच्या व्हरांड्यात नवं बेसिन बसवत होतो. माझा चहा खिडकीत ठेवलेला. त्या थांबल्या, वाकून बघितलं.

"धार जाळीवर पडत नाही ना, मिस्त्री?"

"नाही मावशी. बाजूला पडते."

"सोडून दाखवा."

मी नळ सोडला. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. हात धुवा आणि चहा घ्या, निवतोय."

"घेतो," मी म्हणालो.